नऊ नंबरच्या ट्रामच्या आडून

मला हे इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही! ॲन फ्रँकची डायरी आपण शाळेत असतानाच वाचतो. पुस्तकांच्या कपाटामागचं ते लपलेलं घर आपल्या चांगल्या ओळखीचं असतं. आणि त्याच ॲम्स्टरडॅममध्ये, त्याच वर्षांत, तिच्याहून जेमतेम पाच-सात वर्षांनी मोठी असलेली मुलंमुली ज्यू पोरांना नाझींच्या नाकावर टिच्चून पळवत होती. सायकलवरून, ट्राममधून, आगगाडीतून, आणि एकदोन नाही, शेकड्यांनी! हे मला अलीकडेपर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं.

कळलं ते प्लांटाज मिडनलान नावाच्या रस्त्यावर. नातलगांकडे ॲम्स्टरडॅमला गेले होते. सगळे जातात तशी ॲन फ्रँकच्या घरी जाऊन आले आणि घरच्यांनी सुचवलं म्हणून २०२४ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय बघायला या बाजूला आले. तेव्हापासून मी दुसरं काही धड वाचलेलं नाही. भेटेल त्याला हीच गोष्ट सांगतेय, आता तुम्हालाही सांगते.

आधी तो तेव्हाचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, कारण सगळी करामत त्या रस्त्यावरच झाली. एका बाजूला १८९२ मध्ये उघडलेलं जुनं नाट्यगृह. त्याच्या अगदी समोर एक पाळणाघर. पाळणाघराच्या शेजारी शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालय. दोन्हींची परसं एकमेकांना भिडलेली, मधे नुसतं झुडपांचं कुंपण. आणि नाट्यगृह व पाळणाघर यांच्या मधून जाणारी नऊ नंबरची ट्राम. मी त्या रस्त्यावर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते हे की अंतर किती कमी आहे. या फुटपाथवरून त्या फुटपाथवरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो. म्हणजे पहारेकऱ्यालाही दिसत असणार!

१९४२ च्या उन्हाळ्यात नाझींनी ते नाट्यगृह ताब्यात घेतलं. ॲम्स्टरडॅमच्या ज्यूंना घराघरांतून उचलायचं, तिथे आणून कोंडायचं, काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे, आणि मग गाडीत घालून वेस्टरबोर्कच्या छावणीत पाठवायचं. तिथून पुढे आउशवित्झ, सोबिबोर या मृत्युछावण्या. एकट्या या नाट्यगृहातून सुमारे ४६,००० माणसं गेली. खुर्च्या काढून टाकलेल्या, उकाडा, घाण, दाटी, आणि त्यात रडणारी पोरं. या गोंधळाचा नाझींनाच ताप होऊ लागला. म्हणून ऑक्टोबर १९४२ पासून लहान मुलांना आईबापांपासून वेगळं करून समोरच्या पाळणाघरात ठेवायला सुरुवात झाली. छळ करणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी घेतलेला हा निर्णय, आणि तिथेच त्यांच्या भिंतीला खिंडार पडलं.

पाळणाघर चालवत होत्या हेन्रिएत पिमेंतेल. साठी ओलांडलेली, करारी ज्यू बाई. त्यांच्या हाताखाली पांढऱ्या एप्रनमधल्या शिकाऊ परिचारिका, बहुतेकींची वयं अठरा-वीस, त्याही ज्यू. बेटी आउडकेर्क, सीनी काटनबुर्ख, त्यांच्याहून थोडी मोठी फिरी कोहेन. ही नावं मोठ्याने वाचा, प्लीज. मला ती आता पाठ झाली आहेत. आणि नाट्यगृहात, नाझींनी ज्यूंवर लादलेल्या ज्यू कौन्सिलने नेमलेला व्यवस्थापक वाल्टर झ्यूस्किंड. जर्मनीतून पळून आलेला ज्यू, अस्खलित जर्मन बोलणारा. तो नाझींच्या एसएस दलाच्या अधिकाऱ्यांबरोबर हसायचा, त्यांना दारू पाजायचा, सिगार द्यायचा. बाहेरून बघणाऱ्या कित्येक ज्यूंना तो फितूर वाटत असणार. आणि आत हा माणूस, आपला सहकारी फेलिक्स हाल्व्हरस्टाटला हाताशी धरून, नोंदींच्या कागदांतून मुलं गायब करत होता! मूल पळवणं हा निम्माच भाग. ते कागदावरूनही पळवायला हवं, नाहीतर मोजणीच्या वेळी एक डोकं कमी भरणार. म्हणून कार्ड काढून टाकायचं, आकडे जुळवायचे. आपण शौर्य म्हटलं की तलवारी नि बंदुका बघतो. इथे शौर्य एका कारकुनाच्या टेबलावर बसून खाडाखोड करत होतं.

आता ती ट्राम. नाट्यगृहाच्या दारात पहारेकरी, त्यांची नजर समोरच्या पाळणाघरावर. पण नऊ नंबरची ट्राम येऊन थांबली की मधे ट्रामची अख्खी भिंत उभी राहायची. तेवढीच संधी! पाळणाघराचं दार उघडायचं, एखादी मुलगी कडेवर किंवा हाताशी पोर घेऊन बाहेर पडायची आणि ट्रामच्या आडोशाने, ट्रामच्या चालीने पळत पुढच्या थांब्यावर आत चढायची. धापा टाकत, केस विस्कटलेले, काखेत मूल. ट्राममधल्या लोकांना कळायचं. ही पोरगी कुठून आली, हे मूल कुणाचं, सगळं कळायचं. लोक तिच्याकडे बघून हसायचे आणि गप्प बसायचे. वाचलेल्यांच्या आठवणींत हे हसू येतं. ट्रामभर माणसं, त्यांतल्या एकाने तोंड उघडलं असतं तरी संपलं असतं. मी हे वाचून पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

ट्राम ही एक वाट झाली. तान्ही बाळं कपड्यांच्या टोपलीतून, बटाट्याच्या पोत्यातून, पाठीवरच्या पिशवीतून बाहेर जायची. थोडी मोठी मुलं परिचारिकांबरोबर फिरायला बाहेर पडायची आणि कोपऱ्यावर ठरलेलं माणूस एखाद्याला अलगद घेऊन जायचं. आणि परसातल्या कुंपणावरून मुलं पलीकडे अध्यापक विद्यालयात दिली जायची. तिथले मुख्य होते योहान फान हुल्स्ट, तिशीतला माणूस. त्यांनी एक वर्ग मुलांसाठी मोकळा करून दिला, त्यांचे विद्यार्थीही या कामात उतरले. एकदा सरकारी निरीक्षक तपासणीला आला असता आतून मुलांचं रडणं ऐकू आलं. ही ज्यू मुलं का, असं त्याने विचारलं. फान हुल्स्ट काही बोलले नाहीत. निरीक्षकाने त्यांचा हात हातात घेतला आणि देवाच्या नावाने विनवलं, जपून राहा म्हणून. असे क्षण मी कादंबरीत वाचले असते तर लेखकाने जुळवून आणलंय म्हटलं असतं!

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट व्हावी लागायची आणि मला ती सगळ्यांत अवघड वाटते. आईबापांची परवानगी. सीनीसारख्या अठरा वर्षांच्या मुलीने नाट्यगृहात जायचं, एखाद्या जोडप्याला गाठायचं आणि कुजबुजत विचारायचं की तुमचं बाळ आमच्याकडे सोडाल का. कुणाकडे जाणार ते सांगता येत नाही, कुठे ते सांगता येत नाही, परत मिळेल की नाही तेही सांगता येत नाही. आणि उत्तर द्यायला वेळ नाही, गाडी आज रात्रीच आहे. कित्येकांनी नाही म्हटलं. पुढे कामाच्या छावणीत जातोय, कष्ट पडतील पण सगळे एकत्र तरी राहू, असंच त्यांना वाटत होतं. आउशवित्झमध्ये काय चालतं हे त्यांना कुठे ठाऊक होतं? ज्यांनी हो म्हटलं, त्यांतल्या काही आया त्या रात्री दुपट्यात बाहुली गुंडाळून, ती छातीशी धरून गाडीत चढल्या. मोजणाऱ्याला हातात बाळ दिसायला हवं ना. मला मुलं आहेत. या ओळींवर मी थांबले ती बराच वेळ पुढे गेलेच नाही.

आणि आता विद्यार्थी! पाळणाघरातून बाहेर पडलेल्या मुलाला कुणीतरी पुढे न्यायला हवं, आणि हे "कुणीतरी" म्हणजे बरेचदा कॉलेजात शिकणारी मुलंमुली होती. चार गट ठळकपणे पुढे येतात. युट्रेख्तच्या विद्यार्थ्यांची बालसमिती. पीट मेअरबुर्ख या कायद्याच्या विद्यार्थ्याभोवती जमलेला ॲम्स्टरडॅमचा गट. एनव्ही नावाने ओळखला जाणारा तिसरा. आणि "ट्राउ" या भूमिगत वृत्तपत्राच्या वर्तुळातला चौथा. हे एकमेकांना फारसे ओळखत नव्हते, आणि तेच बरं होतं. पकडलं गेलं तर सांगायला काही नको.

युट्रेख्तवाल्यांनी मला सगळ्यांत वेड लावलं. यान म्यूलनबेल्ट आणि रुट मातैसन रसायनशास्त्राचे विद्यार्थी, विशी नुकती ओलांडलेले. हेट्टी फूट जीवशास्त्र शिकणारी. ॲम्स्टरडॅमची गिझेला झ्यॉनलाइन तिची जोडीदारीण. १९४२ च्या उन्हाळ्यात ज्यूंची धरपकड सुरू झाली आणि काही मुलांना लपवायला जागा हवी झाली, तिथून हे सुरू झालं. कुणी त्यांना नेमलं नव्हतं, कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. जागा शोधायची म्हणजे काय करायचं, तर सायकल काढायची आणि खेड्यापाड्यांतून दारं ठोठावत फिरायचं. अनोळखी माणसासमोर उभं राहून, हा आपल्याला पोलिसांत देईल की नाही याचा अंदाज घेत विचारायचं, एक मूल ठेवून घ्याल का?

एका शेतकऱ्याने हेट्टीला सांगितलं की त्या मुलांना नेलं जावं अशी देवाची इच्छा असेल तर ती देवाची इच्छा. हेट्टीने त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं की आज रात्री तुमचं शेतघर जळालं तर तीही देवाचीच इच्छा समजा. काय पोरगी होती!

मुलाच्या रंगरूपावरून त्याचं गाव ठरायचं. सोनेरी केसांची मुलं उत्तरेला फ्रीसलँडमध्ये खपून जायची. काळ्या केसांची, काळ्या डोळ्यांची मुलं दक्षिणेला लिम्बुर्खमध्ये न्यायची, कारण तिथली माणसंच थोडी सावळी. शेजाऱ्यांनी विचारलं, हे नवीन मूल कुठलं, तर उत्तर तयार असायचं: रॉटरडॅमचं. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी रॉटरडॅम शहराचं मधलं अंग बेचिराख केलं होतं. तिथली बेघर झालेली मुलं कुणाच्याही घरी असणं नवल नव्हतं. नाझींच्याच बॉम्बहल्ल्यातून ही ढाल मिळाली. युट्रेख्तमध्ये तर ट्राउत्ये फान लीर या तरुणीने एक पाळणाघरच काढलं होतं. तिथे ज्यू मुलं ठेवली जायची आणि त्यांच्या शेजारच्या पलंगावर जर्मन सैनिकांची मुलं! संशय येणार तरी कसा? त्या एका घरातून दीडशेच्या आसपास ज्यू मुलं वाचली.

मूल पोहोचवलं की काम संपलं असंही नाही. रेशनची कूपनं दर महिन्याला पोहोचवायची, बूट, कपडे, औषध, घर धोक्यात आलं तर रातोरात दुसरीकडे हलवणं. आणि पैसा. गरीब घरांना मुलाच्या खर्चासाठी पैसे द्यावे लागत. पैसे आणायचे कुठून? इथे जी गोष्ट येते ती ऐकून कोणताही पुस्तकवेडा माणूस नाचेल. मार्च १९४१ मध्ये नाझींनी अठरा देशभक्तांना गोळ्या घातल्या होत्या. त्यांच्यावर यान कांपर्ट या पत्रकार-कवीने एक कविता लिहिली. ज्यूंना सीमेपार नेताना तो पकडला गेला आणि जानेवारी १९४३ मध्ये छळछावणीत मेला. युट्रेख्तचाच एक रसायनशास्त्राचा विद्यार्थी, खेर्ट लुबरहायझन, याने ती कविता सुंदर चित्रासह एका मोठ्या कागदावर चोरून छापली आणि पाच गिल्डरला एक अशी विकली. सुमारे १५,००० प्रती खपल्या! ७५,००० गिल्डर उभे राहिले, मुलांसाठी. एका कवितेच्या जोरावर! आणि त्यातूनच एक प्रकाशनसंस्था जन्माला आली, "डी बेझिगे बै" म्हणजे "कामसू मधमाशी". आज ती नेदरलँड्समधली नावाजलेली साहित्य-प्रकाशनसंस्था आहे.

त्याच १९४३ मध्ये लपलेला ज्यू शोधून देणाऱ्याला नाझींकडून साडेसात गिल्डर मिळत होते. कवितेचा कागद पाच गिल्डर, माणूस साडेसात. त्या देशात तेव्हा हे दोन्ही बाजार एकाच वेळी चालू होते आणि मला वाटतं की हे दोन्ही आकडे एकत्रच लक्षात ठेवायला हवेत. नेदरलँड्सच्या १,४०,००० ज्यूंपैकी सुमारे १,०२,००० मारले गेले. पश्चिम युरोपात एवढं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. त्या ट्राममधलं हसू खरं होतं, तसे हे आकडेही खरे आहेत.

१९४३ च्या वसंतात विद्यार्थ्यांवरच पाळी आली. जर्मन सत्तेशी निष्ठेच्या पत्रकावर सही करा, नाहीतर शिक्षण बंद. सुमारे ८५ टक्के विद्यार्थ्यांनी सही केली नाही. पंचाऐंशी टक्के! सही न करणाऱ्या मुलांना जर्मनीत मजुरीला पाठवण्याचा हुकूम निघाला, त्यामुळे मुलगे स्वतःच भूमिगत झाले. तरुण पुरुष रस्त्यावर दिसला की अडवला जायचा. मूल घेऊन चाललेली तरुणी मात्र सहज वाटायची. म्हणून ने-आण करायचं काम जास्त करून मुलींनी केलं. आगगाडीत, जर्मन सैनिकांच्या शेजारी बसून, मांडीवरच्या मुलाला त्याचं नवं नाव मनातल्या मनात घोकायला लावून.

किंमत भयंकर पडली. हेट्टी आणि गिझेला १९४३ च्या उन्हाळ्यात पकडल्या गेल्या. आधी फ्युख्तची छावणी, मग राव्हेन्सब्रुक. दोघी जगल्या. बालसमितीतला फ्रिट्स योर्डन्स मार्च १९४४ मध्ये बेल्जियममधल्या हासेल्टला गोळी लागून मेला. एनव्ही गटाच्या याप मुशला सप्टेंबर १९४४ मध्ये पकडून मारलं. पिमेंतेल बाईंना जुलै १९४३ मध्ये नेलं आणि सप्टेंबरमध्ये आउशवित्झमध्ये मारलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, ज्यूंच्या नववर्षाच्या तोंडावर, पाळणाघर कायमचं रिकामं करण्यात आलं. वाल्टर झ्यूस्किंडची बायको आणि छोटी मुलगी आउशवित्झमध्ये गेली, तो स्वतः फेब्रुवारी १९४५ मध्ये मेला. दुसऱ्यांची शेकडो मुलं वाचवणाऱ्याला आपली एक वाचवता आली नाही.

पाळणाघर रिकामं होणार हे कळलं तेव्हा फान हुल्स्टना विचारण्यात आलं, अजून किती मुलं घेऊ शकता? पुढ्यात शंभरभर मुलं. सगळी नेली तर सगळंच उघड होणार, एक नेलं तर बाकीची... त्यांनी बारा घेतली. बारा मुलं निवडली. हा माणूस २०१८ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी गेला आणि शेवटपर्यंत त्याच्या बोलण्यात वाचलेल्या मुलांपेक्षा राहून गेलेल्यांचाच विषय असायचा. पाळणाघरातून वाचलेली मुलं सुमारे ६००. चारही गटांनी मिळून वाचवलेली हजाराच्या वर.

युद्ध संपलं म्हणून मुलांचं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. लपून वाचलेल्या ज्यू मुलांपैकी सुमारे दोन हजारांचे आई आणि वडील दोघंही परतले नाहीत. काही मुलं दोन-तीन वर्षं ज्यांना आई-बाबा म्हणत होती ते खरे आई-बाबा नाहीत हे त्यांना १९४५ मध्ये कळलं. सरकारने समिती नेमली, त्यात वाचवणाऱ्यांपैकीच काही होते आणि त्यांनी कित्येक मुलं ख्रिस्ती घरांतच राहावीत असा आग्रह धरला. वाचलेल्या ज्यू समाजाला ते फार लागलं. माझ्या मते त्यांचं दुःख रास्त होतं. जिवावर उदार होऊन मूल वाचवणाऱ्याचा त्याच्यावर हक्क होतो असं मला वाटत नाही, मग त्या माणसाबद्दल मला कितीही आदर असो.

पीट मेअरबुर्खच्या गटाने सुमारे साडेतीनशे मुलं वाचवली. युद्धानंतर त्याने काय करावं? नोव्हेंबर १९४५ मध्ये साथीदारांना घेऊन ॲम्स्टरडॅममध्ये एक सिनेमागृह काढलं, क्रिटेरियोन. गरीब विद्यार्थ्यांनी कुणापुढे हात न पसरता, स्वतः काम करून शिकावं म्हणून. ते आजही चालू आहे आणि तिकीट फाडण्यापासून सिनेमे निवडण्यापर्यंत सगळं विद्यार्थीच चालवतात.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. ॲम्स्टरडॅमला गेलात तर ॲन फ्रँकच्या घरी जाच. पण अर्धा दिवस प्लांटाज मिडनलानसाठी राखून ठेवा. नाट्यगृह बघा, समोरचं अध्यापक विद्यालय बघा, तेच आता संग्रहालय झालंय. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर त्याला बरोबर न्या. आणि संध्याकाळी क्रिटेरियोनमध्ये सिनेमा बघा. तिथून चालत जाता येईल इतकं ते जवळ आहे.